कुणालाबी हो म्हणतंय

आधी किल्ली अडायची. मग उलटंच झालं,
गाडी चालू असताना ती हातात यायला लागली
आणि इंजिन आपलं सुरूच.
रंकाळ्याच्या वळणावर एका शिकाऊ पोराने
ती काढून माझ्यापुढे धरली,
"मॅडम, हे असंच असतं का?"

शेवटी उद्यमनगर गाठलं. फाउंड्रीमागची गल्ली.
बाबालाल शिकलगारचं दुकान म्हणजे
एक व्हाइस, एक पत्र्याची पेटी
आणि भिंतभर किल्ल्या,
ज्यांची कुलपं कुठं आहेत हे त्यालाही ठाऊक नाही.
त्याने माझी किल्ली बाजूला ठेवली.
चहाचा चमचा पॅन्टला पुसला,
दांडा आत घालून फिरवला.
माझी चौऱ्याण्णवची मारुती चालू झाली.
"बगा," तो म्हणाला, "कुणालाबी हो म्हणतंय."

स्टेअरिंगखालच्या दोन्ही बोल्टांची डोकी
कंपनीनेच मोडून ठेवलेली, चोराला पाना लागू नये म्हणून.
त्याने करवतीच्या पात्याने त्यांवर खाच पाडली,
स्क्रूड्रायव्हर टेकवला, श्वास धरला.
दोनदा लाईट गेली, दोनदा आली.
पहिला बोल्ट सुटला.
दुसऱ्याला शिवी द्यावी लागली.

मग फडक्यावर सगळं उतरलं:
नखाएवढ्या पितळी पत्त्या,
त्यांच्या केसाएवढ्या स्प्रिंगा,
आणि चिमूटभर पिवळी पूड.
"कोण चालवतं गाडी?"
मी म्हणाले, सगळे.

सतरा वर्षं, सकाळी सहापासून.
सीपीआरची नर्स, नाइट संपवून थेट यायची,
क्लचवर पाय ठेवून डुलकी काढायची.
गुजरीतला सोनार, किल्ली दोन बोटांत
वजनाचा अंदाज घेतल्यासारखी.
बावड्याचे घाटगे, रिटायर, किल्ली मारली की
सोडायचेच नाहीत, स्टार्टर किंचाळेपर्यंत.
आणि निकहत. ती फिरवण्याआधी डोळे मिटायची.
का, ते मी विचारलं नाही.
सगळ्यांनी थोडं थोडं झिजवलं असणार,
मी मनात हिशेब मांडत होते, जरा मायेनेच,
तर बाबालालने माझा जुडगा उचलला.

शटरची किल्ली. घराच्या दोन. कपाटाची.
विकून टाकलेल्या लुनाची.
बुडालेल्या पतपेढीच्या लॉकरची एक.
पितळी मासा, जत्रेतला.
त्याने तळहातावर झेलून पाहिला.
"ह्ये वजन रोज लोंबतंय त्याला.
पोरांनी न्हाई खाल्लं कुलूप, मॅडम.
तुम्ही खाल्लंय."

मी चहा मागवला. दुसरं काय करणार.

"नवं बसवू, का हेच भरू?"
हेच.
मग पितळेच्या पट्टीतून एकेक पत्ती कापणं,
कानसीचे तीन हात, फुंकर, लावून बघणं,
परत काढणं, परत एक हात.
तेल घालू दिलं नाही. "धूळ धरतंय. पेन्सिल हाय?"
हजेरीच्या वहीला बांधलेली होती.
तिचं शिसं त्याने नव्या किल्लीच्या दातांवर घासलं,
बोटं काळी करून.

संध्याकाळी जुनी किल्ली घालून पाहिली.
आत गेली. फिरली नाही.
पुन्हा घातली. नाही म्हणजे नाही.
नवी किल्ली एकटीच दिलीय, कडीशिवाय,
पर्समध्ये सारखी हरवते.

दुसऱ्या दिवशी सहाला
कळंब्याच्या अक्काताई मगदूम, वय एकसष्ट,
पदर खोचून सीटवर.
"फिरंना की गं ही."
स्टेअरिंग लॉक झालेलं. इतक्या वर्षांत
ते कधी लागायचंच नाही, मीच विसरले होते.
म्हटलं, ताकद नको.
डाव्या हाताने चाक जरासं हलवा
आणि उजव्याने हळू विचारा.
"कुणाला?" त्या म्हणाल्या,
तोवर गाडी चालू झाली होती.